उभ्या गाडीची झीज

दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी सहानंतर गाडी चालवायची म्हणजे हातापेक्षा जास्त काम डाव्या पायाला पडतं. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 65. पुण्याहून निघतो, सोलापूर मागे टाकून हैदराबादेत शिरतो, मलकपेठ, दिलसुखनगर, एल. बी. नगर करत विजयवाड्याकडे जातो आणि मच्छलीपट्टणला समुद्राजवळ थांबतो. एवढ्या लांबच्या रस्त्याचा हा तुकडा मात्र इंचाइंचाने सरकतो. डोक्यावर मेट्रो, दोन्ही अंगांना कोचिंग क्लासचे फलक आणि कपड्यांची दुकानं, कडेला विजयवाड्याच्या बसची वाट बघणारी माणसं. गुरुवारी साईबाबांच्या देवळाची गर्दी वेगळी. पाच फूट पुढे, थांबा. तीन फूट पुढे, थांबा. दर वेळी क्लच दाबायचा, अर्धा सोडायचा, पुन्हा दाबायचा. आजच्या गाडीत हे जाणवतही नाही. साठीच्या घरातल्या गाडीत प्रत्येक दाब पायाला कळतो, आणि पेडल कालच्यापेक्षा थोडं खाली गेलं तर तेही कळतं.

आमच्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे. वडील नांदेडहून नोकरीसाठी हैदराबादेत आले, इथलेच झाले, आणि पुढे ही गाडी त्यांनी घेतली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने 1961 पासून हेरल्ड भारतात बनवली. मूळची ट्रायंफ हेरल्ड इंग्लंडमध्ये 1959 साली आली, तिचं रूप ट्यूरिनच्या जोव्हानी मिकेलॉटीने आखलेलं. याच हेरल्डची चासी आखूड करून ट्रायंफने 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन जणांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. त्यामुळे जगभरचे स्पिटफायरवाले आणि आपल्याकडचे उरलेसुरले हेरल्डवाले यांची दुखणी सारखी, औषधंही सारखी. दोन्ही गाड्यांचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट अख्खं पुढे कलतं. पुढच्या चाकावर बूड टेकून इंजिनाशी काम करता येतं. गाडी दुरुस्त करावी लागणार, हे जणू तिच्या कर्त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं, आणि मला या गाडीतलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. पायाखालच्या पेडलला एक दांडी, तिच्या टोकाला बॉनेटखाली मास्टर सिलिंडर. त्यावर छोटी डबी, तिच्यात आपण सगळे ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो द्रव. तिथून बारीक धातूची नळी, मग थोडा रबरी होज, आणि शेवटी गिअरबॉक्सच्या कुशीला बसवलेला स्लेव्ह सिलिंडर. पायाने वर दाबलं की खालचा पिस्टन पुढे सरकतो आणि क्लचचा काटा ढकलतो. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं, त्याचाच हा वापर. लोखंडी दांड्यांऐवजी द्रव वापरण्यात मोठी सोय आहे. इंजिन रबरी पायांवर थरथरत असतं, दांड्या ती थरथर पेडलपर्यंत आणतात. नळी ती आणत नाही, आणि हवी तशी वळवूनही नेता येते. पुढे स्वस्त गाड्यांनी केबल आणली, मारुती 800 ला केबलच होती. आता पुन्हा बऱ्याच गाड्यांत द्रव आला आहे, पण काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणाच्या आत बसवतात. त्याचं पाच-पन्नास रुपयांचं रबर गेलं तरी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

स्लेव्ह सिलिंडरच्या दांडीचा सगळा प्रवास जेमतेम सेंटिमीटरभर असतो. या सेंटिमीटरभरात इंजिन चाकांपासून सुटायचं असतं. नळीत हवेचा बारीक बुडबुडा शिरला की पाय दाबतो तेव्हा आधी तो बुडबुडा दबतो, दांडी दोन-तीन मिलिमीटर कमी सरकते, आणि क्लच पुरता सुटत नाही. मग रिव्हर्स टाकताना गिअर खरडतो. हेरल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे तोही कुरकुरतो. चालवणाऱ्याला वाटतं गिअरबॉक्स गेला. बऱ्याच जणांचा धीर तिथेच सुटतो आणि गाडी ताडपत्रीखाली जाते. खरं तर तेव्हा गिअरबॉक्स ठणठणीत असतो.

हवेपेक्षा पाणी जास्त घात करतं, कारण ते कुणाला दिसत नाही. हा द्रव ग्लायकॉलच्या जातीचा, त्याला हवेतला ओलावा ओढून घेण्याची सवय. डबीच्या झाकणाला बारीक भोक असतं, होजचं रबरही ओल थोडी थोडी आत येऊ देतं. ब्रेकच्या बाबतीत ही गोष्ट सगळे सांगतात: डॉट 3 प्रतीचा कोरडा द्रव किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. घाटात ब्रेक तापले, द्रव उकळला, वाफ झाली आणि पेडल खाली बसलं, अशी ती भीती. क्लच तेवढा तापत नाही. म्हणून बरेच जण क्लचचा द्रव वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. इथेच गफलत होते. क्लचमध्ये पाणी उकळत नाही, ते गंज चढवतं.

आणि हा गंज गाडी धावताना फारसा चढत नाही, गाडी उभी असताना चढतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पिस्टनही एकाच जागी बसून राहतो. त्याच्या रबराची कड सिलिंडरच्या भिंतीला टेकलेली असते, तिच्या पुढे-मागे ओल साचते आणि तिथे गंजाचं बारीक कडं तयार होतं. डोळ्यांनी बघितलं तर खरखरीत रेघ, नखाने घासलं तर अडकते. मग एके दिवशी घरातल्या कुणाला हुक्की येते, बॅटरी लावून गाडी सुरू केली जाते, पाय क्लचवर पडतो, आणि इतके दिवस शहाण्यासारखं बसलेलं रबर त्या कड्यावरून ओढलं जातं. पहिल्याच दाबात त्याची कड फाटते. मालक म्हणतो, काल-परवापर्यंत चांगली होती, आजच काय झालं? झालं होतं ते सगळं आधीच, ती कुणी हात न लावता जपली जात होती तेव्हा.

चालत्या गाडीत दर दाबाला ते रबर भिंतीवरून फिरतं, तिच्यावर द्रवाचा पातळ थर चढवतं, ओल एका जागी बसू देत नाही. दाबणं हेच पुसणंही असतं. जुन्या गाडीवर माया करणाऱ्या माणसांना हे पटवणं अवघड जातं. आम्ही कुठे तिला त्रास देतो, झाकून ठेवली आहे, पावसाचा थेंब लागू देत नाही, असं ते अभिमानाने सांगतात. ती माया खरी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत काचेच्या कपाटांत कुलूपबंद ठेवलेल्या पोथ्या आणि मासिकांचे बांधीव खंड मी पाहिले आहेत. जे कुणी वाचत होतं ते फाटलं, डकवलं, आणि अजून वाचता येतं. जे कुणी उघडलं नाही त्याला कसर लागली.

याच शहरात चौमहल्ला राजवाड्यात निजामांची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ठेवली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली, पण 1911 च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं आणि गाडी पुढे आली ती सातव्या निजामांच्या काळात. मागे सिंहासनासारखी उंच बैठक. मिरवणुकीपुरती निघायची, मग पुन्हा आत. फार थोडी धावलेली ही गाडी. तिचा क्लच आपल्या हेरल्डसारखा नाही, कातडं मढवलेल्या शंकूचा आहे, पण कातडंही न वापरता सुकतंच. लोक तिच्यासमोर उभे राहून ती किती थोडी धावली याचं कौतुक करतात. मला तिथे दर वेळी हळहळ वाटते. इतकं चांगलं यंत्र बनवणाऱ्यांनी ते धावण्यासाठी बनवलं होतं.

आता दुखणं ओळखायचं कसं, ते सांगतो, कारण यात घाबरण्यासारखं काहीच नाही. डबीतली पातळी उतरली तर द्रव कुठून तरी बाहेर जातोय. आधी पेडलच्या वरची जागा आणि खालचा गालिचा हाताने चाचपावा. ओला, बुळबुळीत लागला तर मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलं. तिथे कोरडं असेल तर स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी मागे सारून बघावी, आत द्रव साचला असेल तर ते रबर गेलं. बाहेर एक थेंब नाही, पातळी जशीच्या तशी, आणि तरी पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय? मग मास्टर सिलिंडरमध्ये द्रव आतल्या आतच रबराला वळसा घालून मागे येतो आहे. आणि क्लच दबतो नीट पण सोडल्यावर परतच येत नाही, असं झालं तर होजवर संशय घ्यावा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगून त्याचं भोक बुजत आलेलं असतं. पायाच्या जोराने द्रव पुढे जातो, परत यायला त्याला तेवढा जोर नसतो. एक छोटी गोष्ट नेहमी राहून जाते: पेडलची दांडी आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांत केसभर मोकळीक हवी. ती नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, दाब सुटत नाही, क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेट जळते.

द्रवाचा रंग बघणं तर सगळ्यात सोपं. ताजा द्रव उसाच्या रसापेक्षाही फिका. तपकिरी झाला की बदलायचा. त्यात काळे कण दिसले तर रबर झिजून विरघळतंय. रंग चांगला दिसला तरी दोन वर्षांनी बदलावा, आणि मृगाच्या आधी बदलावा. 2020 च्या ऑक्टोबरात सरूरनगर तलावाखालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते या भागातल्या लोकांना सांगायला नको. स्लेव्ह सिलिंडर खाली असतो, पाण्याची गाठ त्याच्याशी आधी पडते.

हवा काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे येणारे उस्ताद गाडीच्या आत, गिअरबॉक्सवरचं झाकण काढून खाली वाकलेले असतात. मी पेडलवर. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावलेली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेलं. उस्ताद म्हणतात, “दबाओ साब, हल्लू.” मी दाबतो. “पकडो.” ते पान्याने निपल उघडतात, नळीतून बुडबुडे पळतात. “नक्को छोडो अभी.” निपल बंद होतं. “हौ, छोडो.” पुन्हा तेच. मध्येमध्ये डबी भरत राहायची, ती रिकामी झाली की सगळी मेहनत पहिल्यापासून. घाईने पेडल पंपत सुटलं तर मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात आणि ते काढायला दुप्पट वेळ जातो. स्लेव्ह सिलिंडर बसवताना निपल वर आणि नळी खाली हवी. उलटा बसला तर हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते, दिवसभर पेडल मारलं तरी निघत नाही. उस्तादांचा आवाज या कामात कधी चढत नाही. ‘दाबा’ आणि ‘सोडा’ या दोन शब्दांवर दोघांचा पूर्ण भरवसा असावा लागतो, कारण दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नसतो. काढलेला द्रव पुन्हा डबीत ओतायचा नाही, तो कितीही स्वच्छ दिसो. आणि रंगावर सांडला तर तत्काळ भरपूर पाण्याने धुवायचा, नाहीतर तो रंग उचकटून काढतो.

कोणता द्रव घालायचा, यावर मात्र तडजोड नको. ‘ऑइल’ म्हणतो म्हणून इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल त्या डबीत गेलं तर आतली सगळी रबरं फुगतात आणि मास्टरपासून स्लेव्हपर्यंत प्रत्येक रबर बदलावं लागतं. याला इतिहास आहे. सुरुवातीचे असे द्रव एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून बनवत, कारण नैसर्गिक रबराला एरंडेल चालतं, खनिज तेल चालत नाही. कॅस्ट्रॉल या नावातही एरंडेलच आहे. दिलसुखनगरहून हाच महामार्ग धरून पूर्वेला निघालं की नलगोंड्याकडचा कोरडवाहू मुलूख लागतो, तिथे एरंडाची शेती जुनी. मला हे नेहमी नवल वाटतं, की पावसावर भागणाऱ्या या गरीब जमिनीतलं पीक आणि इंग्लंडमधल्या गाडीच्या क्लचचं रबर यांचं इतकं जवळचं नातं असावं. हल्लीचा द्रव ग्लायकॉलचा. डॉट 4 ची छोटी बाटली घ्यावी, सीलबंद. अर्धी उरलेली मोठी बाटली फडताळात ठेवून वर्षाने वापरू नये, ती तिथेच ओल पीत बसलेली असते. सिलिकॉनचा डॉट 5 ओल पीत नाही, रंग खात नाही, म्हणून काही जण तो वापरतात. तो ग्लायकॉलमध्ये कधीही मिसळू नये, आणि बदलायचाच तर सगळी रबरं नवी घालून बदलावा. मी स्वतः डॉट 4 च घालतो, कारण रस्त्यात कुठेही तो मिळतो.

खूप काळ उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक प्रकार होतो. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल नीट दाबलं जातं, सगळं बरोबर, तरी इंजिन सुटत नाही. त्यावर तोड म्हणून काही जण गाडी ठेवून देताना क्लचचं पेडल लाकडाच्या तुकड्याने दाबून ठेवतात. केबलच्या गाडीला ते चालून जाईल. द्रवाच्या गाडीत महिनोन् महिने रबरांवर दाब ठेवणं मला पटत नाही. त्यापेक्षा किल्ली फिरवावी आणि दहा-वीस किलोमीटर जाऊन यावं.

कायद्यानेही याला जागा ठेवली आहे. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी दहा वर्षांची, तिचं शुल्क 20,000 रुपये, पुढच्या नोंदणीला 5,000. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली यांना परवानगी आहे, आणि त्याच यादीत पेट्रोल भरणं आणि देखभालही आहे. नियम लिहिणाऱ्याने हा शब्द घातला, त्याचे मी मनापासून आभार मानतो. रॅलीला ट्रेलरवर चढवून नेलेली आणि ट्रेलरवरच परत आणलेली गाडी बघून माझं समाधान होत नाही. देखभालीसाठी ती चालवावीच लागते. रविवारी पहाटे, बस आणि फळांचे ट्रक रस्त्यावर यायच्या आधी, हयातनगरच्या बाजूला जाऊन परत. जाताना सगळे गिअर, थांबून दोन-तीनदा रिव्हर्स. पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही, गरज नसेल तेव्हा तो जमिनीवर, म्हणजे रिलीज बेअरिंगलाही विसावा. घरी आल्यावर स्लेव्ह सिलिंडरच्या टोपीखाली कोरडं फडकं फिरवायचं.

राहता राहिला सुट्या भागांचा प्रश्न. सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडले असतील तर नुसतं रबर घालून भागत नाही, नवं रबर त्याच खड्ड्यांवर फाटतं. हलका गंज घासून जातो. खोल असेल तर लेथवर भोक वाढवून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी बसवून घ्यावी, ती आपल्यानंतरही टिकते. रबराचं किट राणीगंजच्या बाजारात शोधलं तर मिळतं, कधी दुसऱ्याच गाडीच्या नावाने मिळतं, म्हणून जुनं रबर सोबत न्यावं आणि माप जुळवावं. दुकानदार फळीवरून धूळ झटकून पाकीट काढतो आणि म्हणतो, बिलकुल नया माल. तिथेच पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघावी. मग रबराची कड दोन बोटांत धरून वाकवावी. बारीक भेगा दिसल्या तर ते परत करावं. कुठल्याही गाडीत न बसता तेही फळीवर वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलेलं असतं.